पहिली रिमोटची बोट: प्लॅस्टिकचं किट घ्यावं की लाकडी?

रेवाची_आई

नमस्कार मंडळी,

लेकीला (रेवा, वय १२) परीक्षा संपली की रिमोटची बोट स्वतः बांधायची आहे. दुकानातली तयार, खोक्यातून काढून पाण्यात सोडायची, असली नको हे तिने निक्षून सांगितलंय. घरात ड्रिल मशीन, बारीक पात्याची करवत आणि सोल्डरिंग आयर्न आहे. वायरिंग मी सांभाळीन. सुतारकाम तिच्या आजोबांना चांगलं येतं आणि तेही उत्साहात आहेत.

दोन किट डोळ्यांसमोर आहेत. एक रेव्हेल कंपनीची १/७२ मापाची (मूळच्या बहात्तराव्या भागाएवढी) फ्लॉवर क्लास कॉर्व्हेट, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली छोटी युद्धनौका, प्लॅस्टिकची. दुसरं ड्युमास कंपनीचं लाकडी क्रिस-क्राफ्ट, म्हणजे प्लायच्या फासळ्यांवर महोगनीच्या पट्ट्या चढवून करायची जुन्या घाटणीची स्पीडबोट. पहिली मुळात शोभेची आहे, मोटर-सुकाणू सगळं आपलं आपण बसवायचं. दुसरी पाण्यासाठीच आखलेली, पण नवशिक्या हातांना झेपेल का कळत नाही.

बोट चालणार सासवडजवळ माझ्या दिरांच्या शेततळ्यात. बजेट रेडिओ, बॅटरी सगळं धरून वीस हजारांच्या आत. ज्यांनी स्वतः बांधल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रंधा_मास्तर

लाकूड. डोळे मिटून लाकूड घ्या.

घरात सुतारकाम जाणणारे आजोबा आहेत म्हणताय, मग प्रश्नच मिटला. प्लॅस्टिकच्या किटमध्ये हलचे (बोटीच्या पाण्यात बसणाऱ्या अंगाचे) दोन अर्धे भाग साच्यातून आलेले असतात, ते चिकटवले की बोट 'झाली'. लाकडी बोटीत कणा, त्यावर फासळ्या, फासळ्यांवर पट्ट्या. बोट पाण्यात आकार का टिकवते, हे पोरीला हातांनी कळेल.

पट्ट्या चढवताना दोन गोष्टी सांभाळा. पट्टी अर्धा तास गरम पाण्यात भिजवून मगच वाकवा, ओली असतानाच फासळ्यांवर चिमट्यांनी धरून वाळू द्या आणि वाळल्यावर चिकटवा. ओल्या पट्टीला डिंक लावलात तर ती वाळताना आकसते आणि सांधे उघडतात. दुसरं म्हणजे एक पट्टी डावीकडे, की लगेच तिची जोडीदार उजवीकडे. एक बाजू पुरी करून दुसरीकडे वळलं तर सगळा सांगाडा पिळवटतो, आणि मग ती बोट जन्मभर एका बाजूला वळत राहते. कपड्यांचे लाकडी चिमटे यासाठी सगळ्यांत उत्तम, दोन डझन घेऊन ठेवा.

तारू

धागा वाचनखुणेत टाकला. आमच्याकडेही असाच एक बालहट्ट चालू आहे.

चिंचपोकळीचा_कप्तान

रंधा मास्तरांबद्दल आदर ठेवून असहमत.

बारा वर्षांच्या मुलीला पहिल्याच फटक्यात महोगनीच्या पट्ट्या चढवायला लावल्या तर मे महिना फासळ्या घासण्यातच जाईल. पहिली बोट पाण्यात उतरली पाहिजे, हा पहिला नियम. प्लॅस्टिकमध्ये अर्धं काम साच्याने केलेलं असतं. हल सरळ येतो, पाणी शोषत नाही, आणि अंगावरचं बारीक काम (शिड्या, तोफा, वाऱ्याचे भोंगे) आयतं मिळतं.

आता ताई, तुमच्या दोन पर्यायांत एक गोष्ट बघायला हवी, ती म्हणजे वजन. मॉडेल किती वजन पेलेल हे मूळ जहाजावरून काढता येतं: जहाजाचं वजन भागिले मापाचा घन. फ्लॉवर क्लासचं वजन सुमारे ९४० टन. ७२ चा घन ३,७३,२४८. भागाकार येतो अडीच किलो. म्हणजे पाऊण-एक किलोचं किट, त्यात मोटर, बॅटरी, रेडिओ घातलं तरी तळाला शिसं भरायला जागा उरते. लांबी ८७ सेंटीमीटर, आत हात जातो. नवशिक्याला याहून सोयीचं प्लॅस्टिक किट मला तरी माहीत नाही. मूळ साचा मॅचबॉक्स कंपनीचा, आणि जगभरात कित्येकांनी ते पाण्यात उतरवलंय.

याउलट त्याच मापातली जर्मन टॉर्पेडो बोट, एस-१००, बघा. मूळ वजन जेमतेम १०० टन. १/७२ ला किती येतं? २७० ग्रॅम! त्यात किटचं स्वतःचं वजन धरा, बॅटरी धरा, आणि बघा किती उरतं. तीच बोट इटालेरीची १/३५ मापात घेतली तर लांबी एक मीटर आणि वजन सव्वादोन-अडीच किलो. किट निवडताना प्लॅस्टिक-लाकूड हा प्रश्न दुसरा. आधी हा भागाकार करा.

मीनल_के

@कप्तान, हा घनाचा हिशोब फार आवडला. मुलीला गणिताच्या तासाला नाही पण इथे नक्की पटेल.

रंधा_मास्तर

हिशोब बिनचूक आहे, कबूल. पण एक सांगा कप्तान, त्या किटचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन ना? ठिसूळ. शेततळ्याच्या काठावर आपटली, कुणाच्या हातातून निसटली, तर नाळेला तडा. लाकडाला भोक पडलं तर मी संध्याकाळपर्यंत ठिगळ लावून रंगवून देतो. आणि सासवडच्या एप्रिलच्या उन्हात बंद गाडीच्या डिकीत ठेवून बघा, डेक केळ्यासारखा वाकतो की नाही.

चिंचपोकळीचा_कप्तान

तडा जातो तो बहुतेक सांध्यावर, आणि सांधा मजबूत करायचा उपाय साधा आहे. दोन अर्धे जोडले की आतून पूर्ण लांबीभर फायबर ग्लासच्या कापडाची पट्टी इपॉक्सीत भिजवून लावायची. आधी आतलं प्लॅस्टिक खरखरीत पॉलिश पेपरने घासायचं, नाहीतर इपॉक्सी पकडत नाही आणि पापुद्र्यासारखी निघते.

उन्हाचं म्हणणं बरोबर आहे. बंद गाडी, गडद रंगाचा डेक, दुपारची वेळ, हे तिन्ही एकत्र येऊ देऊ नका. बोट पांढऱ्या चादरीत गुंडाळून मागच्या सीटखाली ठेवा. पण ही काळजी लाकडालाही घ्यावीच लागते. ऊन लाकडाला सोडतं की काय?

नौसैनिक_मिरज

मी एनसीसीच्या नेव्हल विंगचा. नौसैनिक शिबिरात शिप मॉडेलिंगची स्पर्धा असते, तिथे आम्ही बोटी बांधत असू. तेव्हा किट वगैरे कुणाला परवडतंय? नकाशा कागदावर, कागद प्लायवर, आणि पुढे करवत. त्यामुळे माझं मत लाकडाकडे झुकतं हे आधीच सांगतो. पण आमच्याकडे लाकडाच्या बोटी खराब होतात त्या आपटून नाही, आतल्या ओलीने.

बाहेरून सगळे झकास रंगवतात, तीन-तीन हात लॅकर. आतून लाकूड कोरं. शाफ्टच्या (मोटरपासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) नळीतून दोन थेंब पाणी आत येतंच. ते तळाशी मुरतं, आणि पावसाळ्यात हवेतली ओल त्यात भर घालते. सहा महिन्यांनी बाहेरचा रंग फुगून निघतो आणि लोक रंगाला नावं ठेवतात. खरं कारण आतली बाजू.

म्हणून:

डेक बसवण्याआधी आतून प्रत्येक कोपऱ्यात पातळ इपॉक्सीचे दोन हात. फासळी आणि पट्टीच्या बेचक्यात खास लक्ष.

बाहेरून चौरस मीटरला २५ ते ५० ग्रॅम वजनाचं बारीक ग्लास कापड इपॉक्सीत बसवा. वजन फारसं वाढत नाही, आणि पट्ट्यांचे सांधे कायमचे बंद.

पाण्याखाली जाणाऱ्या कुठल्याही सांध्याला साधा फेविकॉल नको. फेविकॉल मरीन किंवा अराल्डाइट. फेविक्विक नुसतं जागेवर धरून ठेवायला.

शाफ्टच्या नळीत ग्रीस भरा आणि शक्य असेल तर नळीचं आतलं टोक पाण्याच्या पातळीच्या वर राहील असा कोन द्या. आत येणारं पाणी निम्म्याहून कमी होतं.

डेकला एक मोठं, सहज निघणारं झाकण ठेवा. चालवून झालं की झाकण काढून बोट पंख्याखाली वाळू द्यायची. हे प्लॅस्टिकलाही लागू.

प्राजक्ती

मास्तर आणि कप्तान यांच्या भांडणातून आम्हाला फुकटात शिकायला मिळतंय, चालू द्या.

लीड्सवाली

इंग्लंडमधून लिहितेय. इथे गावोगावी मॉडेल बोटींचे क्लब आहेत, रविवारी सकाळी तळ्यावर निवृत्त काका-आजोबांची गर्दी असते. नवरा आणि मी गेली काही वर्षं जातो.

तुमच्या दोघांच्या वादात एक तिसरा प्रकार राहून गेला, आणि तळ्यावर तोच सगळ्यांत जास्त दिसतो: हल एबीएस प्लॅस्टिकचा किंवा फायबर ग्लासचा तयार, वरचं सगळं लाकडाचं. डेन्मार्कच्या बिलिंग बोट्सची (१९५८ पासूनची कंपनी) बरीच किट अशी असतात. साच्यातून काढलेला एबीएस हल, आत प्लायचा डेक, केबिन लाकडाची. जिथे पाणी लागतं तिथे प्लॅस्टिक, जिथे हाताचं काम दिसतं तिथे लाकूड. एबीएस पॉलिस्टायरीनसारखं ठिसूळ नसतं, आपटलं तर आधी दबतं. मासेमारीच्या बोटी, टग (दुसऱ्या जहाजांना ओढणाऱ्या बोटी), बंदरातली कामाची जहाजं या प्रकारात भरपूर मिळतात.

आणि ताई, क्रिस-क्राफ्टबद्दल एक सावधगिरीचं सांगते. ती पाण्यावर घसरत पळणारी बोट आहे. तिला वजन सोसत नाही. पट्ट्यांवर इपॉक्सी थापली, बॅटरी जड घेतली, की नाक वर न काढता ती पाणी ढकलत बसते, आणि एवढ्या मेहनतीचं चीज होत नाही. टग किंवा कॉर्व्हेटचं उलट असतं. त्यांना वजन हवंच असतं, त्यामुळे नवशिक्याने दोन थर जास्त लावले तरी बोट रागावत नाही. पहिल्या बोटीसाठी मला प्लॅस्टिक की लाकूड यापेक्षा हा फरक मोठा वाटतो.

चिंचपोकळीचा_कप्तान

लीड्सवाली, +१. अगदी.

त्यात वेगाचीही भर घालतो. मॉडेल खऱ्यासारखं चालताना दिसायला हवं असेल तर मूळ वेगाला मापाच्या वर्गमुळाने भागायचं. फ्लॉवरचा वेग १६ नॉट, ७२ चं वर्गमूळ साडेआठ. म्हणजे दोन नॉटपेक्षा थोडा कमी, सेकंदाला सुमारे एक मीटर. आपण रमतगमत चालतो त्याहून कमी! लोक त्यात ताकदवान ब्रशलेस मोटर घालतात आणि कॉर्व्हेट मोटारबोटीसारखी पाणी उडवत जाते. ते बघवत नाही हो.

गोदाकाठ

मुद्दा थोडा बाजूला नेतो. शेततळं म्हणालात म्हणून लिहितोय, आणि कळकळीने लिहितोय.

अस्तराचं शेततळं म्हणजे चारही बाजूंना गुळगुळीत प्लॅस्टिकचा उतार. शेवाळ धरलं की त्यावर मोठा माणूसही उभा राहू शकत नाही, एकदा आत गेलं की बाहेर यायला काही धरायला मिळत नाही. आमच्या तालुक्यात पोहता येणारी माणसंसुद्धा यात गेली आहेत. बोट मध्येच बंद पडली की मुलांचा पहिला विचार 'मी आणते' हाच असतो. बोट बांधण्याआधी हे ठरवा: काठाला दोर बांधून ठेवायचा, टायरची ट्यूब जवळ, मुलीच्या अंगावर लाइफ जॅकेट, आणि मोठं माणूस असल्याशिवाय तळ्याकडे जायचं नाही.

बोट परत आणायचा सोपा उपाय: टेनिस बॉलला भोक पाडून मासेमारीची जाड दोरी ओवा. बंद पडलेल्या बोटीच्या पलीकडे चेंडू टाकायचा आणि दोरी हळूहळू ओढायची. बोट दोरीला अडकून काठाला येते.

रेवाची_आई

@गोदाकाठ, मनापासून आभार. दिरांनी तळ्याला कुंपण आणि दोर आधीच केलाय, पण लाइफ जॅकेट आणि चेंडू यादीत सगळ्यांत वर लिहिलं. रेवालाही हा प्रतिसाद वाचून दाखवला.

पवईकर

बंद पडलेल्या बोटीवरून आठवलं. आमच्याकडे पवईच्या तलावात मगरी आहेत, त्यामुळे 'मी पोहत जाऊन आणतो' हा पर्याय कुणी सुचवतच नाही. :)

खडकवासला_खलाशी

पुण्यातल्यांची अडचण वेगळी. पाषाण तलाव असो की नदीपात्र, जलपर्णी. प्रॉपमध्ये (बोटीच्या पंख्यात) एक मुळी अडकली की मोटर जॅम, मोटर जॅम की स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग ठरवणारं यंत्र) गरम. पाण्यावर काहीही तरंगताना दिसत असेल तर बॅटरीच्या तारेत फ्यूज घालाच. पन्नास रुपयांच्या आत काम होतं आणि हजारोंचा कंट्रोलर वाचतो. सासवडचं शेततळं त्या मानाने स्वच्छ, नशीबवान आहात.

इतिहासवेडा

फ्लॉवर क्लासचं नाव निघालंय म्हणून एक माहिती. या वर्गातल्या काही कॉर्व्हेट महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास आपल्या, म्हणजे तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीकडे आल्या होत्या. त्यांची नावं आसाम, सिंध, गोंडवाना आणि मराठा! एचएमआयएस मराठा ही मूळची ब्रिटिश नौदलाची चारलॉक. मात्र या सगळ्या सुधारित फ्लॉवर होत्या, किटमधली स्नोबेरी ही कॅनडाची आधीच्या आराखड्याची. त्यामुळे नुसतं नाव बदलून चालणार नाही, हलचा पुढचा भाग आणि वरचं बांधकाम फोटोंवरून बदलावं लागेल. पण करायचंच असेल तर केवढं सुंदर काम होईल.

रंधा_मास्तर

वा! हे माहीत नव्हतं. मराठा नावाची कॉर्व्हेट असेल तर मी प्लॅस्टिकवरचा राग महिनाभर बाजूला ठेवायला तयार आहे.

अलिबागचा_आगरी

मराठा म्हणताय तर मग गुराब का नको? आंग्रेंच्या आरमारातली गुराब, दोन किंवा तीन डोलकाठ्या, पुढे निघालेली लांब नाळ. त्याचं प्लॅस्टिक किट मी तरी कुठे पाहिलेलं नाही. करायची तर लाकडातच, नकाशापासून.

मी एक बांधतोय. शिडावर चालणारी, रिमोटने शीड ओढणारी. खोली कमी असलेलं जहाज असल्यामुळे मॉडेल वाऱ्यात कलंडतं. कारण शिडाला लागणारा वाऱ्याचा जोर बोटीला कलंडवतो तो मापाच्या घनाने कमी होतो, पण बोटीची सरळ राहण्याची ताकद मापाच्या चौथ्या घाताने कमी होते. म्हणून लहान मॉडेल मूळ जहाजापेक्षा खूपच हळवं. उपाय म्हणजे पाण्याखाली स्क्रूने लावायची खोटी पाती, तिच्या टोकाला शिसं. चालवताना लावायची, घरी शोभेला ठेवताना काढायची. शिसं मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जाळ्याच्या गोळ्यांच्या रूपात किलोवर मिळतं. हात धुवून मगच जेवा.

प्राजक्ती

अलिबागकर, फोटो टाका! आणि यावर वेगळा धागा काढा, इथे गुराबीवर अन्याय होईल.

नौसैनिक_मिरज

+१, वेगळा धागा हवाच.

दुबईकर_निमकर

ताई, एक व्यवहाराची गोष्ट. ही किट बाहेरून मागवणार असाल तर सीमाशुल्काचा हिशोब आधी करा. मॉडेल बोटी, विमानं ही आयातीच्या वर्गवारीत खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय कर आणि कुरियरवाल्याचे पैसे वेगळे. मागच्या वर्षी भावासाठी एका परदेशी दुकानातून लाकडी किट मागवलं, ते घरी पोहोचेपर्यंत किमतीच्या जवळपास दुप्पट पडलं आणि वर कागदपत्रांसाठी महिनाभर अडकलं. भारतात आधीच आलेला माल मिळतो का ते बघा, नाहीतर येणाऱ्या नातेवाइकाला सांगा. फक्त बॅटरी त्यांच्या बॅगेत मागवू नका. लिथियम बॅटऱ्या विमानात चेक-इन सामानात टाकता येत नाहीत, उगाच त्यांना विमानतळावर त्रास.

रेवाची_आई

बापरे. मग वीस हजारांत लाकडी किट बसतच नाही. ड्युमासचं नाव यादीतून कापावं लागणार असं दिसतंय. कॉर्व्हेट तरी मिळेल का, शोधते.

सोलापूर_वर्कशॉप

ताई, थांबा. शोधू नका. किटच घेऊ नका.

स्प्रिंगर टग नावाचा एक प्रकार आहे, अमेरिकेतल्या हौशी लोकांनी नवशिक्यांसाठीच काढलेला. साधारण १८ इंच लांब, ८ इंच रुंद, चौकोनी डब्यासारखा हल. दोन सारख्या बाजू कापायच्या, त्यांची खालची कड कमानीसारखी. पुढे-मागे आडव्या फळ्या, आणि खालून एक पातळ प्लाय कमानीवर वाकवून चिकटवायची. झाला हल. फासळ्या नाहीत, पट्ट्या नाहीत, पिळवटण्याची भीती नाही. नकाशे इंटरनेटवर फुकट आहेत. परदेशात याच बोटींनी पाण्यात चेंडू ढकलण्याचे सामने खेळतात, त्यामुळे टकरी झेपतील अशीच ती आखलेली आहे.

आणि यात आपल्या इथल्या सामानाची अडचण राहत नाही. मॉडेलवाले सांगतात ती एक-दोन मिलिमीटरची बर्च प्लाय आपल्याकडे सहज मिळत नाही, आणि फर्निचरच्या दुकानातली मरीन प्लाय जाड, जड म्हणून नाजूक बोटींना चालत नाही. इथे ती चालते! या बोटीला पाण्यात नीट बसायला तीन-चार किलो वजन लागतंच. बाजूंना ४ मिलिमीटर, तळाला मिळेल तितकी पातळ. बॅटरी म्हणून इमर्जन्सी लाइटमधली ६ व्होल्टची सीलबंद लेड-अॅसिड टाका, स्वस्त, सुरक्षित आणि तिचंच वजन तळाला कामाला येतं. लिपोची (लिथियम-पॉलिमर बॅटरीची) आग लागण्याची, सेल फुगण्याची चिंता पहिल्याच बोटीत कशाला?

वरची केबिन रेवाला हवी तशी. तिथे प्लॅस्टिक शीट वापरा, आइस्क्रीमच्या काड्या वापरा, तिची मर्जी. किटचे वाचलेले पैसे चांगल्या रेडिओत घाला. रेडिओ पुढच्या प्रत्येक बोटीत चालतो.

रंधा_मास्तर

हे मला सुचायला हवं होतं! पूर्ण पाठिंबा. आजोबा आणि नात दोघांना पुरेल एवढं सुतारकाम, आणि अडकून पडावं एवढं नाही.

चिंचपोकळीचा_कप्तान

माझी एक हरकत नोंदवून ठेवतो. स्प्रिंगर चालायला उत्तम, पण दिसायला ती खोकंच. काही मुलांना बोट पाण्यात पळण्यापेक्षा ती 'खरी' दिसण्यात रस असतो. रेवा तोफा, शिड्या, झेंडे रंगवण्यात रमणारी असेल तर चौकोनी टग तिला आठवड्यात कंटाळा आणेल आणि मग दोष लाकडाला. मुलीला विचारलंय का कुणी? आतापर्यंत सगळे आपण आपल्या आवडी सांगतोय.

लीड्सवाली

हा मुद्दा पटला. आमच्या तळ्यावर दोन्ही प्रकारची मुलं येतात. एकजण काठावर बसून जहाजाचे कठडे रंगवतो, दुसरीला फक्त टक्कर द्यायची असते. दोघंही खूश असतात, पण त्यांची अदलाबदल केली तर नाही.

रेवाची_आई

रेवाला विचारलं. धागा तिने स्वतः वाचला (मगरींवर बराच वेळ थांबली). तिचं म्हणणं जसंच्या तसं देते: "मला अशी बोट हवी जी दुसऱ्या बंद पडलेल्या बोटीला ओढून आणेल, आणि तिला पाण्याचा फवारा असेल." म्हणजे टगच! कॉर्व्हेटचा फोटो बघून म्हणाली, ही दहावीनंतर, आणि तिचं नाव मराठा.

तर स्प्रिंगर ठरलं. आजोबांनी आजच कपाटामागून प्लायचे तुकडे काढून मोजले. आता मोटर आणि रेडिओबद्दल सांगा. फवाऱ्याला गाडीच्या काचेवर पाणी मारणारा पंप चालेल का?

सोलापूर_वर्कशॉप

झकास! फवाऱ्याला तो पंप चालतो, पण तो १२ व्होल्टचा असतो, ६ वर पिचकारी जवळच पडेल. मुलीला लांब फवारा हवा असेल तर पंपाला वेगळी छोटी बॅटरी द्या, म्हणजे पंप चालू केल्यावर रेडिओचा व्होल्टेजही पडणार नाही. पाणी तळातून घ्यायच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी.

मोटर साधी ब्रशवाली, ७७५ सारखी मोठ्या अंगाची. १२ व्होल्टची मोटर ६ वर निवांत फिरते आणि टगला तसंच हवं. प्रॉप ४० ते ५० मिलिमीटरचा. स्पीड कंट्रोलर घेताना तो ब्रशवाल्या मोटरचा आहे, त्याला रिव्हर्स आहे आणि ६ व्होल्टच्या लेड-अॅसिडवर चालतो, या तिन्ही गोष्टी दुकानदाराकडून वदवून घ्या. रिव्हर्स नसेल तर टगला थांबताच येत नाही.

नौसैनिक_मिरज

रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा घ्या, आपल्याकडे त्याला परवाना लागत नाही. दोन चॅनेल बोटीला पुरतात, पण फवारा आहे म्हणून किमान तीन-चार. ही लहर पाण्यात शिरली की मरते, त्यामुळे रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर, केबिनच्या छताखाली उभी चिकटवा. आणि फेलसेफ लावा: सिग्नल तुटला की मोटर बंद. घरी बादलीच्या काठावर बोट धरून, ट्रान्समीटर बंद करून तपासायचं. मोटर थांबली नाही तर बोट शेततळ्यावर न्यायचीच नाही.

खडकवासला_खलाशी

मोटर आणि शाफ्ट एका रेषेत आले पाहिजेत. कपलिंग (त्या दोघांना जोडणारा तुकडा) वाकडं बसलं तर आवाज येतो आणि बॅटरी लवकर उतरते. युक्ती: आधी कपलिंगऐवजी घट्ट बसणारी सरळ पितळी नळी घालून मोटर आणि शाफ्ट जोडा, त्या स्थितीत मोटरची बैठक अराल्डाइटने चिकटवा, पूर्ण वाळल्यावर नळी काढून कपलिंग बसवा. रेष आपोआप जुळते.

रंधा_मास्तर

आणि तळाची प्लाय वाकवताना वरच्या थराचे रेषे बोटीच्या आडवे येतील असं कापा, लांबीच्या दिशेने वाकायला सोपं जातं. उलट कापली तर मध्येच कडकन मोडते. आजोबांना हे ठाऊक असेलच, पण प्लायवर कापण्याआधी पेन्सिलीने बाण काढायला सांगा.

चिंचपोकळीचा_कप्तान

केबिन रंगवायची वेळ आली की मला व्यनि करा. प्लॅस्टिक शीटच्या खिडक्या आणि कठडे कसे करायचे ते सांगतो, माझ्याकडे उरलेली शीटही पडून आहे, पोस्टाने पाठवतो.

रेवाची_आई

कप्तान, नक्की. बाण काढून झाले, उद्या सकाळी बाजू कापायच्या आहेत. शाफ्टच्या नळीचा कोन किती अंशांचा ठेवायचा तेवढं कुणीतरी आजच सांगा, कारण मागच्या फळीला भोक कापण्याआधीच पाडावं असं आजोबा म्हणताहेत.

नौसैनिक_मिरज

कोन अंशात ठरवू नका. मोटर, कपलिंग, नळी आणि प्रॉप हे सगळं बाजूच्या फळीवर आडवं ठेवा. प्रॉप तळापासून अर्धा इंच तरी मोकळा फिरला पाहिजे आणि मोटर आत तळाला टेकता कामा नये. या दोन अटी पाळून नळी जितकी आडवी बसेल तितकी बसवा (आतलं टोक पाण्याच्या वर ठेवा म्हटलं होतं ते शक्य असेल तरच) आणि तीच रेष पेन्सिलीने काढा. आणि भोक मागच्या उभ्या फळीत नको, तळाच्या कमानीतून पाडायचं, प्लाय वाकवून पक्की झाल्यावर. आजोबांना म्हणावं, उद्या फक्त बाजू कापा.